प्रात्यक्षिकाची मजुरी

बोरिवलीचे कोरा केंद्र म्हटले की आज पुष्कळांना नवरात्रातील गरबा आठवतो. त्याच नावाची खादी व ग्रामोद्योग आयोगाची संस्था शिंपोलीत ग्रामोद्योगांचे प्रशिक्षण देते, याचे स्मरण क्वचितच कोणाला होते. या आयोगाचे मुख्य कार्यालयही उपनगरातच, विलेपार्ल्याच्या इर्ला रस्त्यावर आहे. साहजिकच अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात खादी व हातमागाची प्रदर्शने भरली, तर त्यात नवल नाही. नवल वाटते ते प्रेक्षकांच्या वागण्याचे.

प्रदर्शनात कारागीर चरख्यावर किंवा मागावर बसला की भोवती गर्दी जमते. धोटा इकडून तिकडे धावू लागला की मुले हरखतात. पण तीच माणसे शेजारच्या विक्रीच्या टेबलाशी आली की घोंगडीची किंमत ऐकून भुवया उंचावतात. घासाघीस सुरू होते. क्षणापूर्वी डोळ्यांनी पाहिलेले श्रम किमतीत मात्र कोणालाच दिसत नाहीत!

याचा दोष केवळ गिऱ्हाइकाचा नव्हे. जे दाखवले जाते ते अखेरचे, देखणे काम असते. मेंढीची लोकर कातरणे, ती पिंजणे, तिचे सूत काढणे, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन तो वाळवणे, हे सारे गावीच राहते. त्यातील सूतकताईसारखी कामे बहुधा घरातील स्त्रियाच करतात. हातमागाच्या २०१९-२० च्या गणनेनुसार देशात विणकर आणि जोडकाम करणारे मिळून ३५ लाखांवर माणसे या धंद्यात आहेत, आणि त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. प्रदर्शनात मागावर बसलेला एकटा कारागीर पाहून याची कल्पना कशी यावी?

दुसरी गोष्ट अधिक रोकडी आहे. दिवसभर लोकांच्या शंकांना उत्तरे देत बसणाऱ्या कारागिराचे घरचे विणकाम तेवढे दिवस थांबलेले असते. विक्रीत ते भरून निघेल, असे म्हणणे सोपे आहे. पण मागावर गुंतलेले हात गिऱ्हाईक कसे सांभाळणार? तेव्हा प्रात्यक्षिक ही करमणूक नसून शिकवणे आहे, असे मानून आयोजकांनी त्याची रोजची मजुरी विक्रीपासून वेगळी दिली पाहिजे. लोकरीपासून घोंगडीपर्यंतच्या सर्व पायऱ्या क्रमाने मांडून प्रत्येकीला लागणारा वेळ तेथेच लिहून ठेवला, तर किमतीविषयी वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

शिक्षकांनाही येथे करण्याजोगे काही आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाबरोबर टकळी शाळेत आली आणि पुढे अडगळीत गेली. ती सक्तीने परत आणण्याचे कारण नाही. मात्र प्रदर्शनास नेलेल्या मुलांच्या हाती पेळू आणि टकळी घटकाभर द्यावी. सूत चारदा तुटले की पाचव्या वेळी त्या मुलाला जे उमगेल, ते कोणत्याही व्याख्यानाने उमगणार नाही. पुढे कधी घोंगडीचा भाव पाडून मागताना निदान त्याची जीभ अडखळेल.