कूलंटमध्ये तेल दिसलं तर

मे महिन्यात खापरखेड्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा गाडीचं इंजिन कूलंटच्याच भरवशावर चालतं. त्या कूलंटच्या बाटलीत तपकिरी, दुधाळ साय जमलेली दिसली, तर गाडी पुढे नेऊ नका. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणही उघडू नका; दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर येतं.

चालू इंजिनात तेलाचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून मधला अडसर फुटला की तेल पाण्यात शिरतं. वीजकेंद्रांतल्या पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेलाचा दाब मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे गळती झालीच तरी पाणी तेलात जाऊ नये. गाडीत मात्र इंजिन बंद होताच तेलाचा दाब उतरतो आणि गरम पाणी उलट तेलात जाऊ शकतं. म्हणून डिपस्टिक पाहायचीच.

अनेक ठिकाणी लगेच हेड उतरवतात. ही घाई महागात पडते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल, तर आधी ऑइल कूलर हवेच्या दाबाने तपासून घ्या. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेलही रेडिएटरमधल्या कूलरमधून येऊ शकतं. कूलंटमध्ये जळलेला वायू सापडला, तर हेड गॅस्केटचा किंवा चिरलेल्या हेडचा संशय पक्का होतो.

खरी मेहनत धुण्यात आहे. थर्मोस्टॅट काढून, तेल सोडवणारं क्लीनर घालून, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. तेलाने फुगलेले रबरी पाइप बदला. मग कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा, अडकलेली हवा काढा आणि आठवडाभर रोज सकाळी बाटली पाहा.