मधुमेह आणि हिरड्यांचा विकार

मधुमेहामुळे नेत्र, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना पोचणारी हानी सर्वपरिचित आहे. हिरड्यांची गणना मात्र या मालिकेत बरीच उशिरा झाली. १९९३ मध्ये हॅराल्ड लोए यांनी दातांच्या आधारऊतींच्या विकारास मधुमेहाचा ‘सहावा उपद्रव’ असे संबोधिले. ॲरिझोनातील पिमा जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे. तेथील पाहणीत मधुमेही व्यक्तींमध्ये दातांभोवतीचे अस्थी झिजण्याचा धोका इतरांहून पुष्कळच अधिक आढळला होता.

दातांवर जमणारा जंतूंचा लेप निरोगी माणसाच्या तोंडातही असतोच; मुख्य भेद आहे तो शरीराच्या प्रतिकारात. रक्तातील शर्करा दीर्घकाळ चढलेली राहिली म्हणजे ती प्रथिनांशी संयोग पावून दाह चेतविणारी संयुगे निर्माण करते, श्वेतपेशींचे कार्य बिघडते आणि हिरडीची झीज भरून येण्यास विलंब लागतो. हा संबंध उलट दिशेनेही चालतो. हिरड्यांतील दाहातून रक्तात उतरणारी द्रव्ये इन्शुलिनचा प्रभाव मंदावतात.

मग हिरड्यांवरील उपचाराने शर्करा उतरते काय? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत तसे दिसले नाही. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत मात्र, अनेक चाचण्या एकत्र पाहता, तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सुमारे ०.४ ने, म्हणजे उदाहरणार्थ ८ वरून ७.६ वर, उतरल्याचे आढळले. लाभ माफक खरा, पण नगण्य नव्हे.

हा विकार बहुधा दुखत नाही, हीच खरी अडचण होय. घासताना रक्त आले की पुष्कळ लोक तेथे घासणेच सोडतात. वास्तविक रक्त येणे हे लेप साचल्याचे लक्षण असते. धूम्रपान करणाऱ्यांत तर रक्तस्राव दबून विकार झाकलाच जातो. मिश्रीने हिरड्या बळकट होतात हा आपल्याकडील समजही निराधार आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. पुढे दात हलू लागले की भाकरी, कच्च्या भाज्या, दाणे ताटातून जातात व मऊ भात तेवढा उरतो. मधुमेह्यास हे परवडणारे नाही.

फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे, दातांमधील फटी स्वच्छ ठेवणे आणि दंतवैद्याकडून नियमित तपासणी करून कीटण काढविणे, एवढे पथ्य पुरेसे फलदायी ठरते. मात्र इन्शुलिन घेणाऱ्याने दंतवैद्याकडे उपाशीपोटी जाऊ नये. सकाळी न्याहरीनंतरची वेळ घ्यावी आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी.