पिवळा पक्षी : रूफ सीटीआर

रूफ सीटीआर ही १९८७ साली पश्चिम जर्मनीत तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार. वजन सुमारे ११५० किलो, ताकद ४६९ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी ३४२ किलोमीटर. इटलीतल्या आणि जर्मनीतल्या नामांकित कारखान्यांच्या गाड्या त्या वर्षी या गाडीच्या मागे पडल्या. ती बनवणारे वर्कशॉप बव्हेरियातल्या फाफेनहाउझेन नावाच्या छोट्या गावात होते, आणि आजही तिथेच आहे. सीटीआर ही ‘ग्रुप सी टर्बो रूफ’ या नावाची आद्याक्षरे; ग्रुप सी हा त्या काळातल्या ल मॉनसारख्या शर्यतींतल्या गाड्यांचा वर्ग. जगभरच्या गाडीवेड्यांना मात्र ती ‘यलोबर्ड’ म्हणजे पिवळा पक्षी या नावानेच ठाऊक आहे.

या वर्कशॉपची सुरुवात साध्या गॅरेजपासून झाली. आलोइस रूफ यांनी १९३९ साली फाफेनहाउझेनमध्ये ते काढले. गाड्यांची दुरुस्ती हा मुख्य धंदा. पुढे पेट्रोल पंप आला, आणि १९५५ मध्ये त्यांनी सहलींसाठी स्वतःच एक बसही बांधली. १९६३ साली ते बस चालवत असताना एका पोर्श ३५६ने त्यांना ओलांडले आणि ती गाडी ताबा सुटून उलटली. रूफ यांनी चालकाला मदत केली, नंतर ती मोडकी गाडी विकत घेतली आणि दुरुस्त करून रस्त्यावर आणली. पुढे म्युनिकमध्ये एका वाटसरूने ती पाहिली आणि आग्रह करून विकत घेतली. पोर्श गाड्यांचे काम हाती घ्यावे, हा विचार तिथे पक्का झाला.

१९७४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सगळा कारभार मुलाकडे आला. त्याचेही नाव आलोइस, वय चोवीस. पोर्श ९११ ही गाडी मुळात उत्तम आहे, पण तिच्यात अजून पुष्कळ बाकी आहे, अशी या मुलाची धारणा होती. १९७५ मध्ये त्याने पहिली सुधारित पोर्श तयार केली. पोर्श कारखाना आपल्या टर्बो गाडीला चारच गिअर देत होता, तेव्हा रूफने स्वतःचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बनवला. खुद्द पोर्श टर्बोला पाचवा गिअर मिळायला १९८९ साल उजाडावे लागले. १९८१ मध्ये जर्मन सरकारने रूफला वाहन उत्पादक म्हणून मान्यता दिली. या मान्यतेचा अर्थ समजून घ्यायला हवा. ट्यूनर दुसऱ्याच्या तयार गाडीत फेरफार करतो, पण कागदोपत्री ती गाडी मूळ कंपनीचीच राहते. रूफ मात्र पोर्शकडून रंगही न दिलेला उघडा सांगाडा घेई आणि त्यावर स्वतःची गाडी उभी करी. अशा गाडीच्या चॅसिस क्रमांकाची सुरुवात ‘डब्ल्यूपी०’ या पोर्शच्या खुणेऐवजी ‘डब्ल्यू०९’ने होते, जर्मनीत थोड्या संख्येने गाड्या बनवणाऱ्यांसाठी ही खूण असते. १९८३ सालची ३७४ अश्वशक्तीची बीटीआर ही असा क्रमांक मिळालेली पहिली रूफ. सीटीआर तिच्यानंतरची.

सीटीआरचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता तो सांगाडा निवडण्याचा. ताकदवान ९११ बांधायची तर पोर्श टर्बोचा रुंद सांगाडा घ्यावा, हा सरळ हिशेब होता. त्या गाडीचे मागचे मडगार्ड फुगीर होते आणि रुंद टायर त्यांत सहज मावत. पण ती रुंदी हवेला अडते आणि टर्बोचे वजनही तेराशे किलोच्या पुढे जाते. रूफने साध्या कॅरेरा ३.२चा अरुंद सांगाडा घेतला आणि टायर बसतील एवढेच मागचे मडगार्ड बाहेर काढले. दरवाजे, बॉनेट आणि इंजिनावरचे झाकण ॲल्युमिनियमचे केले. बंपर हलक्या प्लास्टिकचे बसवले, बाहेरचे आरसे लहान केले.

या गाडीमागचा विचार एका बारीक तपशिलात नेमका दिसतो. त्या काळच्या ९११च्या छताला दोन्ही कडांनी पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची बारीक पन्हळ असे. पाहणाऱ्याच्या ती नजरेतही भरत नाही. पण ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे तीच कड हवा कापत, भोवरे उठवत जाते. रूफच्या कारागिरांनी प्रत्येक गाडीची ही पन्हळ कापून काढली, फट वेल्डिंगने बुजवली आणि छताची कड गुळगुळीत केली. यंत्राने होणारे हे काम नव्हते. आजही खरी सीटीआर ओळखायची तर जाणकार आधी छताच्या कडेवरून हात फिरवून पाहतात.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो, आणि तो मोडून काढायला आठपट ताकद लागते. म्हणून कमाल वेगाच्या टोकाला आणखी दहा-पंधरा किलोमीटर मिळवायचे तर इंजिन फुगवत नेण्यापेक्षा हवेची वाट मोकळी करणे स्वस्त पडते. वजनाचे काम वेगळे आहे. सपाट सरळ रस्त्यावरच्या कमाल वेगाला वजनाने फारसा फरक पडत नाही. पण वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना प्रत्येक किलोची किंमत मोजावी लागते. सीटीआरच्या वाट्याला दर टनामागे चारशेहून अधिक अश्वशक्ती येते. त्याच काळातली पोर्श ९५९ तंत्रज्ञानाने कितीतरी पुढारलेली होती. तिची ताकद ४५० अश्वशक्ती, पण वजन साडेचौदाशे किलोच्या घरात. तिच्या वाट्याला टनामागे सुमारे ३१० अश्वशक्तीच येत.

इंजिन ९११च्या परंपरेतलेच : आडव्या झोपलेल्या सहा सिलिंडरचे, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, पंख्याच्या हवेने थंड होणारे. कॅरेराच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ९५ मिलिमीटर होता, तो ९८ केला. पिस्टनचा ७४.४ मिलिमीटरचा पल्ला तसाच राहिला. त्यामुळे इंजिनाचे आकारमान ३१६४ घन सेंटिमीटरवरून ३३६६वर गेले, म्हणजे जेमतेम दोनशेने वाढले. ताकद मात्र २३१ अश्वशक्तीवरून ४६९वर गेली, दुपटीहून जास्त. ही किमया दोन टर्बोचार्जरची आहे. सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते; म्हणून ती वाटेत इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते. सीटीआरच्या मागच्या मडगार्डांवर कोरलेली हवेची तोंडे या इंटरकूलरसाठीच आहेत. इंधन आणि ठिणगी यांचे नियंत्रण पोर्शच्या ९६२ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेल्या बॉश यंत्रणेकडे होते. पूर्ण ताकद मिनिटाला ५९५० फेऱ्यांवर मिळते आणि ५५३ न्यूटन-मीटर इतका कमाल टॉर्क ५१०० फेऱ्यांवर.

एप्रिल १९८७ मध्ये ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकन मासिकाने जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या चाचणी मार्गावर जमवल्या. फोक्सवागनच्या या मार्गावर जवळजवळ नऊ किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्श ९५९ अशा गाड्या तिथे होत्या. चालकही तसेच मातब्बर : १९६१चा फॉर्म्युला वन विश्वविजेता फिल हिल आणि १९६०ची ल मॉन जिंकणारा पॉल फ्रेर. रूफने ताशी ३३९ किलोमीटर गाठले आणि सगळ्यांना मागे टाकले. दिवस ढगाळ होता. त्या करड्या पार्श्वभूमीवर ही एकच पिवळीधमक गाडी उठून दिसत होती; मासिकाच्या मंडळींनी तिला ‘यलोबर्ड’ म्हटले आणि ते नाव तिला कायमचे चिकटले. पुढच्या वर्षी इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर ती ३४२ किलोमीटरपर्यंत पोहोचली.

मात्र ही गाडी चालवणे सोपे नाही. इंजिनाचा सगळा भार मागच्या चाकांच्याही मागे असतो. टर्बो आधी काही क्षण गप्प राहतात आणि मग सगळी ताकद एकदम मागच्या दोनच चाकांवर येते. वळणावर घाबरून पाय उचलला, तर मागची बाजू पुढे यायला बघते. घसरणाऱ्या चाकांना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात नाही. हे सगळे एका चित्रफितीत दिसते. रूफचा चाचणी चालक स्टेफान रोझर न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या मार्गावर सीटीआर चालवतो आहे. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर रोजचे कपडे. वळणामागून वळण मागचे टायर धूर सोडत बाहेर सरकतात, आणि त्याचे हात गाडी घसरण्याआधीच स्टिअरिंग उलट दिशेला फिरवून मोकळे झालेले असतात. त्याची फेरी ८ मिनिटे ५ सेकंदांची नोंदली गेली. त्यानंतर कितीतरी गाड्यांनी तो मार्ग त्याहून वेगाने पार केला, पण माणूस आणि यंत्र यांच्यातली इतकी उघडी झटापट क्वचितच पाहायला मिळते.

रूफच्या स्वतःच्या चॅसिस क्रमांकाच्या सीटीआर फक्त २९ बनल्या. काही ग्राहकांच्या पोर्शही त्याच धर्तीवर बदलून देण्यात आल्या. बहुतेकांना ही गाडी भेटली ती पडद्यावर. पोर्शचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने ‘ग्रान तुरिस्मो’ या व्हिडिओ गेममध्ये अनेक वर्षे पोर्शऐवजी रूफच्या गाड्या होत्या, आणि एक अख्खी पिढी फाफेनहाउझेनचे नाव त्यातून शिकली.

१९९५ मध्ये सीटीआर २ आणि २००७ मध्ये इंजिन मध्यभागी असलेली सीटीआर ३ आली. २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात रूफने मूळ गाडीचे रूप परत आणले. ही नवी सीटीआर दिसायला जुन्या ९११सारखी, पण सांगाडा पोर्शकडून आलेला नव्हता. तो रूफने स्वतः घडवलेला, कार्बन फायबरचा होता. एकूण ३० गाड्या बनवायचे ठरले. पहिल्या पिवळ्या पक्ष्यानंतर तीस वर्षांनी आलेल्या या गाडीची ताकद ७१० अश्वशक्ती आहे, म्हणजे २४१ने जास्त. वजन १२०० किलो, म्हणजे फक्त ५० किलोने जास्त.