पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द – लेखांक ७ : मुका ‘के’

गेल्या आठवड्यात ‘क्यू’ या अक्षराचे शब्द पाहताना ते अक्षर ‘यू’ला बरोबर घेतल्यावाचून सहसा उंबरठा ओलांडीत नाही, एवढे आपल्या ध्यानात आले. आज ज्या शब्दांची पाळी आहे त्यांच्या अग्रभागी ‘के’ आणि ‘एन्’ ही जोडी उभी असते, आणि त्यांतला जो पहिला, तोच नेमका मौन धरून असतो.

शाळेत इंग्रजीच्या पहिल्याच वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाने ‘नाइफ’, म्हणजे चाकू, हा शब्द समोर दिसत होता तसा, ‘क्नाइफ’ असा, मोठ्याने वाचला. सारा वर्ग हसला, आणि शिक्षकांनीही ‘के मुका असतो’ एवढे सांगून पुढचे वाक्य घेतले. तो मुका का, आणि मुकाच असेल तर लिहावयाचा कशासाठी, हे त्या मुलाला कोणी सांगितले नाही, याची रुखरुख मला आजही आहे. कारण त्याचे चुकले होते ते केवळ शतक. चॉसर कवीच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, लंडनचा मनुष्य त्या हत्याराला ‘क्नीफ’ असेच म्हणत असे, आणि जर्मन मनुष्य गुडघ्याला ‘क्नी’ म्हणताना आरंभीचा ककार आजही स्पष्ट उच्चारतो.

प्राचीन इंग्रजीत हा ककार ‘सी’ने लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांचा अंमल इंग्लंडवर बसल्यानंतर लेखकूंचा शिरस्ता पालटला आणि ‘सी’च्या जागी हळूहळू ‘के’ आला. पुढे १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, शब्दांची लेखी रूपे खिळ्यांत बसू लागली, आणि ती बरीचशी स्थिर होत आली असतानाच, सतराव्या शतकाच्या सुमारास, लोकांच्या जिभेवरून हा ककार ओघळून गेला. जॉन्सनचा कोश १७५५ साली निघाला तेव्हा उच्चार बदलून गेलेला होता, पण दप्तरातली नोंद तशीच राहिली होती. आणि माझ्या मते ती राहिली हे फार चांगले झाले.

‘नॉक’ म्हणजे दार ठोठावणे, ‘नॅक’ म्हणजे एखाद्या कामाची हातोटी, ‘नोल’ म्हणजे लहानसे टेकाड, ‘नेल’ म्हणजे कोणी निवर्तल्यावर चर्चमधून संथपणे वाजविला जाणारा घंटेचा टोला. ‘नीड’ म्हणजे कणीक मळणे. पण मुका ‘के’ गळला, तर उरलेल्या अक्षरांना इंग्रजीत काही अर्थच उरत नाही, आणि कानाला मात्र हा शब्द व ‘गरज’ या अर्थाचा ‘नीड’ एकच वाटतात. ‘नील’ म्हणजे गुडघे टेकणे व ‘नेल्ट’ हे त्याचे भूतकाळी रूप. या दोघांकडे पुन्हा वळावयाचे आहे.

या सर्वांत मला अधिक प्रिय असलेला शब्द म्हणजे ‘नेव्ह’. आज त्याचा अर्थ लुच्चा, ठक असा होतो. परंतु मूळ ‘क्नाफा’ म्हणजे नुसता मुलगा, आणि जर्मन भाषेत ‘क्नाबे’ हा शब्द त्याच निष्पाप अर्थाने अद्याप नांदत आहे. घरात वरकामाला ठेवलेला तो मुलगा, म्हणून चाकर. आणि चाकरांविषयी धन्याचे मत जसे असावयाचे तसे असल्यामुळे अखेरीस लबाड, अशी त्या शब्दाची अधोगती झाली. आपल्याकडे ‘पोर’ या शब्दापासून निघालेला ‘पोऱ्या’ कपबशा विसळणाऱ्या मुलाला चिकटला, त्यातला दंश आपण जाणतोच. उलट ‘नाइट’ हा शब्दही मूळचा ‘मुलगा, चाकर’ याच अर्थाचा. पण तो राजाच्या पदरी घोड्यावर बसला आणि सरदारकीला चढला. त्याची अक्षरे सहा असल्यामुळे तो आपल्या नियमात बसत नाही, तरीही त्याला वगळून ‘नेव्ह’ची कथा पुरी होत नाही.

पत्त्यांतल्या ज्या चित्राला इंग्रज ‘नेव्ह’ म्हणत, त्याला आपण गुलाम म्हणतो. हा ‘गुलाम’ फारसीच्या वाटेने मराठीत आला, परंतु मूळ अरबीत त्याचाही अर्थ मुलगा, तरणा पोरगा, असाच आहे! एकमेकींशी काडीचे नाते नसलेल्या दोन भाषांनी मुलाला चाकर करून एकाच पत्त्यावर आणून बसवावे, हे पाहिले की त्या काळच्या घरांत पोरवयाच्या चाकरांचे जिणे कसे असेल, ते कोणत्याही बखरीवाचून कळते. पुढे पत्त्यांच्या कोपऱ्यांत आद्याक्षरे छापू लागले तेव्हा ‘नेव्ह’ची ‘के-एन्’ ही खूण राजाच्या ‘के’शी घोटाळा करू लागली, आणि मग ‘जॅक’ हे नाव रूढ झाले.

आता ‘नील’कडे. त्याच्या पोटात ‘नी’, म्हणजे गुडघा, आहे. ग्रीक ‘गोनु’, लॅटिन ‘गेनु’ आणि आपले संस्कृत ‘जानु’ ही त्याचीच भावंडे. आजानुबाहू म्हणताना आपण तोच गुडघा उच्चारीत असतो. तसेच ‘नोन’, म्हणजे ज्ञात, या शब्दाचा धातू आणि संस्कृत ‘ज्ञा’ धातू हे एकाच मुळाचे आहेत. सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यास या भाषांच्या समान उगमाची कल्पना मांडली आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये वर्णांच्या बदलाचे नियम लावून दाखविले. मूळचा जो वर्ण संस्कृतात जकार झाला तोच इंग्रजीच्या कुळात ककार झाला, म्हणून आपल्या ‘जन’ला तिकडे ‘किन्’, म्हणजे आप्त, हा जोड मिळतो. याचा अर्थ असा की ‘नोन’मधला मुका ‘के’ हा आपल्या ज्ञकारातला जकारच होय. तो लेखणीतून पुसला असता तर हे नाते डोळ्यांना दिसले नसते. आणि आपण तरी ‘ज्ञ’ लिहिताना ज व ञ यांचा संयोग लिहितो, परंतु मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो व हिंदी भाषक ‘ग्य’.

‘निश’ हा या यादीतला अखेरचा शब्द, बटाट्याचे वा तसलेच सारण भरून भाजलेला पूर्व युरोपातील यहुदी लोकांचा पदार्थ. मी त्याचा उच्चार मुद्दाम चुकीचा लिहिला आहे. बरोबर उच्चार ‘क्निश’, कारण हा शब्द इंग्रजीत आला तो ककार मुका होऊन गेल्यानंतर फार उशिरा. पुढील लेखांकात ‘जी’ आणि ‘एन्’ यांची जोडी, ‘नॅश’ म्हणजे दात-ओठ खाणे या शब्दापासून.