भिंतीवरची ‘बुटकी’

दिवाळीच्या आधी कंपाउंडच्या भिंतीला रंग द्यायचं काढलं होतं. भिंतीवर बरीच वर्षं जुनी वेल. खाली नखाएवढी सुबक पानं, पण वरच्या टोकाला बोटभर लांब, जाडजूड पानं आणि भिंत सोडून बाहेर आलेल्या फांद्या. रंगारी म्हणाला, ‘‘ताई, वर वडाचं रोप उगवलंय. उपटून टाका, नाहीतर भिंत फोडेल.’’ मी कोयता घेऊन निघालेच होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, फांदी कुठून आलीये ते तरी बघ आधी!’’ बघितलं, तर ती त्याच वेलीची!

मैत्रिणींनो, नर्सरीत ‘क्रीपिंग फिग’ म्हणून मिळते तीच ही वेल. शास्त्रीय नाव फायकस पुमिला. १७५३ मध्ये लिनियसने हे नाव दिलं. पुमिला म्हणजे बुटकी. मूळची चीन, जपान, व्हिएतनामकडची. वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही हिची सख्खी भावंडं, एकाच फायकस प्रजातीतली. फणस आणि तुती त्याच कुळातले चुलत. म्हणूनच फांदी तोडली की पांढरा चीक येतो. तो त्वचेला झोंबू शकतो, तेव्हा हातमोजे घाला.

हिची गंमत म्हणजे एकाच वेलीची दोन रूपं. लहानपणी ती बारीक मुळांनी भिंतीला घट्ट चिकटून चढते. वयात आली की फांद्या भिंत सोडतात, पानं मोठी होतात आणि फळं धरतात. मोठ्या फांदीची कलमं लावली, तर ती चढत नाहीत, झुडपासारखी वाढतात!

फूल मात्र दिसायचं नाही. ‘उंबराचं फूल’ आपण उगाच म्हणत नाही. शेकडो फुलं फळाच्या आतच दडलेली असतात. नर वेल वेगळी, मादी वेगळी. एक इवलीशी गांधीलमाशी फळाच्या तोंडातून आत शिरते, तेव्हाच परागीभवन होतं. तैवानमध्ये हिच्याच एका उपप्रकाराच्या बिया फडक्यात बांधून गार पाण्यात चोळतात. न उकळता, जिलेटिन न घालता जेली तयार! बियांवरच्या पेक्टिनची ही करामत. लिंबू-साखर घालून ती उन्हाळ्यात खातात. आपल्या भिंतीवरची फळं मात्र अंजीर समजून खाऊ नका.

आणि भिंतीचं काय? रंगारी अगदीच चुकीचा नव्हता. वेल ओढली की मुळांबरोबर रंग आणि पोपडे निघतात, फटींत मुळं शिरतात. म्हणून चिरा पडलेल्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर ती लावूच नये. पक्क्या भिंतीवर असेल, तर बाहेर आलेल्या फांद्या वेळोवेळी छाटा. पानं लहानच राहतात.

आम्ही तेवढंच केलं. वेल राहिली आणि त्या भिंतीचा रंगाचा खर्चही वाचला. सासूबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘‘ही आमच्या वडाची बहीण बरं का!’’