बांधावरील तरवड

दख्खनच्या कोरडवाहू मुलखांत बांध, माळ व रस्त्याच्या कडा यांवर पिवळ्याधमक फुलांनीं लगडलेलें जें झुडूप दिसतें, तेंच तरवडाचें होय. गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून निरुपयोगी समजून बांध साफ करतांना तें मुळासकट खणून टाकण्यांत येतें. परंतु तसें करण्यापूर्वीं त्याचे गुणधर्म समजून घेणें शेतकरी बंधूंच्या हिताचें आहे.

तरवड हा शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळांतील आहे. लिनियस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं त्यास कॅशिया ऑरिक्युलेटा असें नांव दिलें. आतां शास्त्रज्ञ त्यास सेना ऑरिक्युलेटा म्हणतात. पानाच्या देठाच्या बुडाशीं कानाच्या पाळीसारखीं रुंद उपपर्णें असतात, त्यांवरून हें नांव पडलें. झुडूप बहुधा तीन ते दहा फूट वाढतें. साल गुळगुळीत व दालचिनीच्या रंगाची असते. प्रत्येक पानास पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या असून दोन पर्णिकांच्या मध्यें एक बारीक ग्रंथि असते. फूल सुमारें दोन इंच रुंद, पांच पाकळ्यांचें. पुंकेसर दहा, पैकीं वरचे तीन वांझ. शेंग चपटी, कागदासारखी पातळ व तीन-चार इंच लांब असते. टाकळा हा याचाच भाऊबंद. पण तो एका हंगामांत मरणारें तण असून त्याच्या पानास पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात.

तरवड भारत व श्रीलंका येथील कोरड्या प्रदेशांतला रहिवासी आहे. मुरमाड, खडकाळ व हलक्या जमिनींत, अपुऱ्या पावसावरही तो तग धरतो. तेलंगणांत त्यास तंगेडू म्हणतात. तेथील बतुकम्मा सणांत त्याच्या फुलांस मान असून तेंच त्या राज्याचें राज्यफूल आहे.

फुलाची एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांत मध नसतो, आणि पराग परागकोशाच्या टोंकाच्या छिद्रांतूनच बाहेर पडतो. काळा भुंगा फुलास घट्ट धरून अंग थरथरवितो, तेव्हां पराग झडून त्याच्या अंगावर पडतो. वांग्याच्या फुलाचे परागकोशही असेच टोंकाशीं उघडणारे असतात. तेव्हां मळ्याशेजारीं तरवड फुललेला असला, म्हणजे वांग्यास उपयोगी पडणाऱ्या भुंग्यांस तेथें आयतेंच अन्न मिळतें.

शेंगा येतात म्हणून हें झाड हवेंतील नत्र जमिनींत भरतें, अशी समजूत मात्र करून घेऊं नये. हरभरा-तुरीच्या मुळांवर ज्या गांठी असतात, तशा तरवडाच्या मुळांवर सहसा आढळत नाहींत. तथापि त्याचा पाला हिरवळीचें खत म्हणून उपयोगी आहे. दक्षिण भारतांत तो भातखाचरांत तुडविण्याची जुनी चाल आहे. बांधावरचें सत्त्व त्यायोगें शेतांत येतें. सालींत कषायद्रव्य शेकडा १८ च्या सुमारास असल्यामुळें कातडीं कमावण्याकडे तिचा मोठा खप असे. पुढें परदेशी वॉटलच्या सालीनें तिची जागा बहुतांशीं घेतली.

सारांश, बांधावरील तरवड सरसकट उपटूं नये. पिकावर सावली पडूं लागल्यास फांद्या छाटून पाला शेतांत घालावा. बुंधा पुन्हां फुटतो. ज्या झाडास गुरें खात नाहींत व ज्यास पाणी घालावें लागत नाहीं, तें उघड्या बांधावर राखण्यास कांहींच खर्च येत नाहीं.