दिवे गेले, फोनही गेला!

पूर्वी वीज गेली, घरभर काळोख झाला, तरी टेलिफोन मात्र चालू असे. याचे कारण साधे होते. तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून सुमारे ५० व्होल्ट वीजही येई.

ब्रिटनमध्ये तारेवरची ही जुनी टेलिफोन सेवा कायमची बंद करायचे ठरले आहे. आधी डिसेंबर २०२५ ही मुदत होती. मे २०२४ मध्ये ती ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली. यापुढे फोन इंटरनेटवरून. गप्पा मारणाऱ्याला त्यात फारसा फरक कळत नाही. पण त्याच तारेवर इमारतीची चोरघंटा, आगीची सूचना आणि लिफ्टमधला मदतीचा फोनही विसंबून होता. आणि होते एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातले बटण!

हे बटण किंवा तशी सोय वापरणारी माणसे तिथे सुमारे १८ लाख आहेत. न्हाणीघरात पाय घसरला की बटण दाबायचे. घरातले यंत्र मदतकेंद्राला फोन लावते आणि ठराविक सुरांतून सांगते, की बोलावणे कुणाचे आहे. इंटरनेटवर आवाजाचे तुकडे होऊन जातात. माणसाचा कान ते सांभाळून घेतो, जुने यंत्र अडखळते. शिवाय घरातली वीज गेली की इंटरनेटची पेटीही बंद!

ही भीती कागदावरची राहिली नाही. बटण दाबूनही मदत न पोहोचल्याच्या गंभीर घटना घडल्या. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने टेलिफोन कंपन्यांकडून लेखी हमी घेतली, की बटण चालते याची खात्री झाल्याशिवाय अशा ग्राहकाची लाइन बदलायची नाही. लाइनवरच विसंबून असलेल्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तातडीचा फोन करता यावा, असाही तिथला नियम आहे. वादळी रात्री एक तास कितीसा पुरणार?

म्हणून मोबाइलच्या सिमवर चालणारी, स्वतःची बॅटरी असलेली यंत्रे बसवली जात आहेत. मोठ्या इमारतींत मात्र खरी कसोटी वेगळीच आहे. कुठली तार कशाला जोडली आहे, हेच कुणाला ठाऊक नसते. बिल तेवढे वर्षानुवर्षे भरले जाते. तेव्हा आधी तारा मोजायच्या, मग यंत्रे बदलायची. आणि यंत्रावरचा हिरवा दिवा पाहून समाधान मानायचे नाही. बटण दाबायचे आणि पलीकडून माणूस बोलेपर्यंत थांबायचे.